ऐकणार कोण?

जुलैच्या बैठकीत आपल्या मंडळात जो वाद झाला तो बैठकीबरोबर संपला असं सगळ्यांना वाटतंय, पण माझ्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. मुद्दा साधा होता. आपला गायनगट दरवर्षी डिसेंबर उजाडला की जमतो, तीन आठवडे घसा ताणतो, नाताळच्या कार्यक्रमात हॉल दणाणून सोडतो आणि जानेवारीत पांगतो. मी एवढंच सुचवलं होतं की हा गट वर्षभर चालू ठेवूया. आठवड्यातून दोनदा, कॉलेज सुटल्यावर अर्धा तास. स्टेज नाही, निवेदन नाही, पाहुणे नाहीत, नुसतं गायचं. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि ऐकणार कोण?" सगळे हसले. मीही हसले, कारण मला उत्तर सुचलं नाही.

माझ्या बाजूनं बोलावं म्हणून एका मैत्रिणीनं तेव्हाच मोबाइल काढून लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या कॉयरचा एक व्हिडिओ दाखवला. पांढरे झगे घातलेली लहान मुलं, मागे मोठी माणसं, वर तो प्रचंड घुमट. "बघा, नऊशे वर्षं अखंड चाललंय हे!" ती म्हणाली. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. कुणी म्हणालं, "त्यांच्याकडं पैसा हाय, शाळा हाय, आपल्याकडं काय हाय?" कुणी म्हणालं, नऊशे वर्षांची परंपरा असली की आपोआप चालत राहतं, आपल्याला ती नाही. सरांनी "पुढच्या बैठकीत बघू" म्हणून विषय बंद केला. पुढच्या बैठकीत तो निघालाच नाही.

त्यानंतर दोन महिने मी या सेंट पॉल्सच्या मागे लागले होते. जे वाचलं, ऐकलं, त्यावरून माझं मत असं झालंय की मैत्रिणीचा तो "अखंड" शब्द चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे.

आधी तिथं रोज काय होतं ते सांगते. सेंट पॉल्स हे चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे अँग्लिकन कॅथेड्रल. तिथं संध्याकाळी पाचला ईव्हनसाँग होतं. ईव्हनसाँग म्हणजे गाऊन केलेली सायंप्रार्थना. १५४९ साली इंग्रजीतलं पहिलं प्रार्थनापुस्तक आलं तेव्हा आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी मठांमधल्या संध्याकाळच्या आणि झोपण्यापूर्वीच्या अशा दोन लॅटिन प्रार्थना एकत्र करून हा प्रकार बांधला. त्यात स्तोत्रं असतात, बायबलमधले दोन पाठ असतात, मरियेचं गीत आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत असतं, आणि एखादी स्वतंत्र रचना असते. दिवसा कॅथेड्रल बघायला तिकीट लागतं, पण ईव्हनसाँगला कुणीही जाऊन फुकट बसावं. टाळ्या वाजत नाहीत. गाणारे समोर बघतात तेही श्रोत्यांकडे नाही, एकमेकांकडे. कॉयर दोन भागांत समोरासमोर उभा असतो. दक्षिणेकडच्या रांगेला डेकनाय म्हणतात, उत्तरेकडच्या रांगेला कँटोरिस. स्तोत्राची एक ओळ इकडून, दुसरी तिकडून. हे वाचताना मला आमच्या खानापूरकडच्या गावातलं भजन आठवलं. तिथंही टाळकरी दोन रांगा करून समोरासमोरच उभे राहतात, आणि देवळात कोण आलं, कोण गेलं याकडे त्यांचं लक्ष नसतं.

आता ही स्तोत्रं गायची कशी, हा भाग मला फार आवडला. बायबलमधली स्तोत्रं म्हणजे काही वृत्तात बसवलेल्या कविता नाहीत. एक ओळ चार शब्दांची, दुसरी चौदा शब्दांची. मग त्यांना चाल कशी लावणार? यावर अँग्लिकन लोकांनी एक युक्ती काढली. ओळीचा बराचसा भाग एकाच सुरावर, बोलल्यासारखा म्हणत न्यायचा आणि शेवटच्या काही शब्दांवर सूर हलवायचे. सूर चार वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या आवाजांचे, पण शब्द सगळ्यांचे एकाच क्षणी. ताल नाही, ठेका नाही, मात्रा मोजायला काही नाही. स्वल्पविरामाला सगळ्यांनी एकत्र थांबायचं, एकत्र श्वास घ्यायचा. ऐकायला अगदी सोपं वाटतं. आम्ही चौघींनी एकदा मराठी स्तोत्र घेऊन नुसतं एका सुरावर म्हणून बघितलं, तर दुसऱ्या ओळीलाच एक पुढे, दोघी मागे, आणि चौथी हसत सुटली. तीन आठवड्यांच्या तालमीत हे येणारच नाही. यासाठी एकमेकांचा श्वास ओळखीचा व्हावा लागतो. त्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. म्हणजे महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. वर्षातून बारा वेळा तेच स्तोत्र म्हणणाऱ्याला ते पाठ करावं लागत नसेल.

आणि ती इमारत! सेंट पॉल्सच्या घुमटाखाली एक सूर लावून थांबलं तर तो आठ-नऊ सेकंद रेंगाळतो. म्हणजे तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात तरी मागची ओळ अजून हवेतच आहे. आपल्या हॉलमधला माइक घुमतो तर आपण साउंडवाल्याच्या नावानं ओरडतो. तिथं बिघाड इमारतीतच आहे आणि तो दुरुस्त होणार नाही. हर्बर्ट हॉवेल्स नावाच्या संगीतकारानं १९५१ साली खास या कॅथेड्रलसाठी मरियेच्या आणि शिमोनाच्या गीतांना चाली लावल्या. त्यानं काय केलं, तर सुरांचे समूह सावकाश बदलले, म्हणजे जुना सूर विरायला वेळ मिळेल आणि दोघांचा चिखल होणार नाही. जागेशी भांडायचं नाही, तिच्याकडून शिकायचं.

हे सगळं सुंदर आहे. पण हे नऊशे वर्षं अखंड चालू आहे का? अजिबात नाही.

कॅथेड्रलची शाळा आपलं मूळ ११२३ सालात सांगते. गरीब मुलांना जेवणखाण, शिक्षण द्यायचं आणि त्यांनी गायचं, अशी व्यवस्था. पण पुढचा इतिहास काही संतचरित्र नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इथल्या गुरूला परवाना होता की देशातल्या कुठल्याही चर्चमधून चांगल्या आवाजाचा मुलगा दिसला की उचलून आणावा. आईबापांची परवानगी हा विषयच नव्हता. त्याच काळात ही मुलं गाण्यापेक्षा नाटकं करण्यासाठी जास्त प्रसिद्ध होती. पैसे देऊन प्रेक्षक येत, आणि मोठ्या माणसांच्या नाटक कंपन्यांना या पोरांची धास्ती वाटे. मग १६४० च्या दशकात यादवी युद्ध पेटलं. प्युरिटन लोकांना चर्चमधलं असलं संगीत म्हणजे थेर वाटे. कॉयर बंद, ऑर्गन मोडले, आणि सेंट पॉल्समध्ये घोडदळाची घोडी बांधली गेली. १६६० ला राजा परत आला तेव्हा सगळं नव्यानं उभं करायची वेळ आली. ज्या मुलांना शिकवायचं त्यांच्यातल्या एकानंही असं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. ते जरा सावरतंय तोवर १६६६ च्या आगीत इमारतच जळाली. आज आपण चित्रात बघतो ते ख्रिस्तोफर रेननं बांधलेलं नवीन कॅथेड्रल. त्यात पहिली उपासना झाली १६९७ च्या डिसेंबरात.

पण मला सगळ्यात विचार करायला लावलं ते घोड्यांनी नाही, आगीनंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं सगळं काही शाबूत होतं. इमारत होती, ऑर्गन होता, देणग्या होत्या, रोजची उपासना होती. आणि तरी कॉयर मरायला टेकला होता. मोठ्या गायकांना पगार मिळायचे, पण ते स्वतः न येता बदली माणूस पाठवत, किंवा तोही नाही. ही दशा फक्त लंडनची नव्हती. हेरफर्डच्या कॅथेड्रलची गोष्ट सांगतात की ईस्टरसारख्या सणाला लहान मुलांच्या जोडीला खालच्या पट्टीत गायला एकच पुरुष मिळाला, आणि तो म्हणजे डीनसाहेबांचा बटलर. तिथला ऑर्गनवादक सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली यानं त्या परिस्थितीला जमेल अशीच रचना केली, आणि ती रचना आज जगभरचे कॉयर गातात. हाच वेस्ली पुढं इतका वैतागला की १८४९ मध्ये त्यानं कॅथेड्रलांच्या संगीताची काय दुर्दशा झालीय यावर एक पुस्तिकाच छापली.

सेंट पॉल्समधला मेंडेल्सनचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. १८३७ साली उपासनेनंतर हा जर्मन संगीतकार तिथं ऑर्गन वाजवत होता. लोक जाईनात, ऐकत उभे राहिले. तिथल्या नोकरमंडळींना दारं लावून घरी जायचं होतं. ऑर्गनला हवा पुरवायला भाता मारणारी माणसं लागत. त्या माणसांनाच त्यांनी काढून नेलं. बाखची रचना ऐन रंगात आलेली आणि ऑर्गनचा श्वास गेला. आपल्याकडं कार्यक्रम लांबला की शिपाईमामा हॉलचे दिवे घालवतात, ते वाचताना आठवल्याशिवाय राहिलं नाही. (मामा, राग मानू नका. तुमची शेवटची बस असते, आम्हाला माहीत आहे.)

म्हणजे नुसतं "रोज चालू आहे" हेही पुरेसं नाही. रोज चालूनही गोष्ट आतून पोकळ होऊ शकते. हे मला माझ्याच सूचनेविरुद्ध कबूल करावं लागतंय.

मग तो कॉयर वाचला कसा? इथं मारिया हॅकेट नावाची बाई येते. तिचं नाव मी याआधी कधी ऐकलं नव्हतं, तुम्हीही ऐकलं नसेल. जन्म १७८३. ती गायिका नव्हती, संगीतकार नव्हती, चर्चमध्ये तिला कसलं पद नव्हतं. त्या काळी बाईला ते मिळणारही नव्हतं. तिच्या नात्यातला एक लहान मुलगा सेंट पॉल्सच्या कॉयरमध्ये लागला, त्यामुळं त्या मुलांचं काय चाललंय ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच मुलं. ज्या देणग्यांतून त्यांना राहायला जागा, जेवण आणि शिक्षण मिळायचं त्या देणग्या कॅथेड्रलकडे चालूच होत्या, पण मुलांपर्यंत पोहोचत नव्हत्या. शिक्षणाच्या नावानं आनंद होता. उपासना संपली की मुलं रस्त्यावर. रात्रीच्या मैफलींत त्यांना पैशासाठी गायला पाठवत आणि अपरात्री ती एकटीदुकटी घरी परत येत.

१८११ पासून या बाईनं पत्रं लिहायला सुरुवात केली. बिशपला लिहिलं, डीनला लिहिलं, इतर अधिकाऱ्यांना लिहिलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मग तिनं जुनी दप्तरं धुंडाळली, शेकडो वर्षांपूर्वीच्या सनदा वाचल्या, मुलांच्या वाट्याचं काय काय ठरलेलं होतं ते शोधून छापलं आणि त्यांच्या तोंडावर मारलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. सेंट पॉल्सपुरतंच थांबली नाही. पुढची कित्येक दशकं ती इंग्लंडभरच्या कॅथेड्रलांना फेऱ्या मारत राहिली, दर तीनेक वर्षांनी प्रत्येक ठिकाणी जायचं, मुलांना भेटायचं, शाळा बघायची, शिक्षक कसा आहे विचारायचं. रेल्वे येण्याआधीच्या दिवसांत, घोडागाडीनं. ती चुकांची यादी घेऊन आली की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत असतील, याबद्दल मला जराही शंका नाही.

१८७२ मध्ये जॉन स्टेनर सेंट पॉल्सचा ऑर्गनवादक म्हणून आला. लहानपणी तो याच कॉयरमध्ये गायलेला, म्हणजे हॅकेटबाईंच्या नजरेखालचाच मुलगा. त्यानं गाणाऱ्यांची संख्या वाढवली, नियमित तालमी सुरू केल्या, न येणाऱ्यांना यायला लावलं. त्याच सुमारास जुना ऑर्गन हेन्री विलिस यानं नव्यानं बांधून दोन भागांत, कॉयरच्या दोन्ही बाजूंना बसवला. कार्टर लेनवर मुलांसाठी राहण्याची सोय असलेली शाळाही उभी राहायला लागली. हॅकेटबाई १८७४ च्या नोव्हेंबरात वारल्या, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. पहिल्या पत्रापासून मोजली तर त्रेसष्ट वर्षं झाली होती. ती शाळेची इमारत पुढं यूथ हॉस्टेल झाली आणि शाळा १९६० च्या दशकात कॅथेड्रलच्या अगदी शेजारी नव्या जागेत गेली.

आता सांगा, ही "आपोआप चालत राहिलेली" परंपरा आहे का? आज आपण व्हिडिओत जी शिस्त, जो नितळ आवाज बघून तोंडात बोट घालतो तो थेट मध्ययुगातून आलेला नाही. त्याच्यामागं बरंचसं एका बाईची चिकाटी आणि एका गुरूच्या तालमी आहेत, दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या. त्याआधी किमान दोनदा धागा तुटलेला किंवा तुटायला आलेला. आणि त्यानंतरही. दुसऱ्या महायुद्धात मुलांना लंडनमधून हलवून थेट कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोला नेलं. इकडं १९४० मध्ये बाँबनं मुख्य वेदी उडवली. युद्ध संपल्यावर मुलं परत आली आणि पुन्हा पहिल्यापासून तालमी.

बैठकीत अजून एक जण हळूच म्हणाला होता, "व्हिडिओत एक पण मुलगी नाही बघ." त्यावरही बोलायलाच हवं. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांत शतकानुशतकं वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे मुलगेच. आवाज फुटेपर्यंत, म्हणजे साधारण तेराव्या वर्षापर्यंत त्यांनी गायचं. मुली नाहीत, कारण "परंपरा". १९९१ साली सॉल्झबरी कॅथेड्रलनं मुलींचा स्वतंत्र कॉयर सुरू केला, मुलांच्या बरोबरीनं उपासना गाणारा, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मुलींच्या आवाजाचा पोत वेगळा, मुलं सोडून जातील, असलेला कॉयरही बुडेल, असं काय काय म्हटलं गेलं. हळूहळू बाकीच्या कॅथेड्रलांनी तोच रस्ता धरला. सेंट पॉल्सनं फार वेळ लावला. मोठ्या गायकांमध्ये पहिली कायम स्त्री सदस्य, कॅरिस जोन्स, २०१७ मध्ये आली. आणि लहान मुलींना कॉयरमध्ये पूर्ण सदस्य म्हणून घेतलं ते २०२४ साली. म्हणजे आपण बारावीच्या आसपास होतो तेव्हा.

पण गंमत अशी की त्या घुमटाखाली मुली त्याच्या कितीतरी आधी गायल्या होत्या, आणि तेही हजारोंनी. १७८२ पासून १८७७ पर्यंत वर्षातून एकदा लंडनच्या धर्मादाय शाळांमधली गरीब मुलंमुली सेंट पॉल्समध्ये जमत. घुमटाखाली गोलाकार पायऱ्या उभारत आणि पाच-सहा हजार पोरं एका सुरात साधी स्तोत्रं गात. १७९२ मध्ये हायडननं ते ऐकलं आणि आयुष्यात कुठल्याच संगीतानं आपण इतके हललो नाही अशा अर्थाचं टिपण करून ठेवलं. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी लंडनला आलेला फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ तर आत जागा मिळावी म्हणून कॉयरचा पांढरा झगा घालून गायकांमध्ये जाऊन उभा राहिला, आणि रडवेला झाला. म्हणजे "मुलींचा आवाज इथं शोभणार नाही" म्हणणाऱ्यांना हायडन आणि बेर्लिओझ दोघांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. वर्षातला एक दिवस गरिबांच्या मुली चालत होत्या. उरलेल्या दिवसांना मात्र परंपरा आडवी येत होती.

आणि याच सोहळ्यात आपल्या वादाचंही काहीतरी आहे. तुम्ही म्हणाल, बघ, वर्षातून एकच दिवस, पण हायडन रडला की! आपला नाताळचा कार्यक्रम तरी वेगळा काय आहे? मान्य. एका दिवसाचा थाट माणसाला हलवतो, मी नाकारत नाही. मागच्या डिसेंबरात शेवटच्या गाण्याला माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. पण ती मुलंमुली काही त्या दिवसापुरती गात नव्हती, रविवारी आपापल्या भागातल्या चर्चमध्ये गायचीच. आणि १८७७ नंतर तो सोहळा बंद पडला तो पडलाच. वर्णनं उरली. पाच वाजताचं ईव्हनसाँग, ज्यासाठी कुणी फ्रान्सहून येऊन वेषांतर केल्याचं ऐकिवात नाही, ते अजून चालू आहे.

पैशाचा मुद्दा राहिला. तो खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. तिथल्या मुलांची शाळेची फी कॅथेड्रल भरतं, ती हॉस्टेलवर राहतात, मोठ्या गायकांना पगार आहे. सात-आठ वर्षांच्या पोरांनी आईबापांपासून लांब राहून नाताळच्या दिवशीसुद्धा कामावर असावं, हे मला पूर्णपणे पटतंही नाही. आपल्याला ते सगळं उचलून आणायचंच नाहीये. आपल्याकडं पेटी आहे, तबला आहे, उपासनासंगीताच्या जुन्या प्रती आहेत. ना. वा. टिळकांनी शंभरेक वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती गाण्याला अभंग-ओवीचा रस्ता मोकळा करून ठेवला आहे, आणि तो गायला घुमट लागत नाही. टिळक अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मिशनमधले होते, पण आपल्या गटात तरी कोण कुठल्या पंथाचं आहे ते कुणी विचारतं? मागच्या वर्षी आमच्यातले निम्म्याहून जास्त जण ख्रिस्ती नव्हतेच.

पण पैसा होता तेव्हाच तर त्यांचा कॉयर मरायला टेकला होता! देणग्या होत्या, पगार होते, आणि गायला कुणी येत नव्हतं. हॅकेटबाईंनी नवीन पैसा आणला नाही, असलेला जागेवर आणला. आपल्याकडं असलेलं म्हणजे काय? सव्वाचार ते पावणेपाच या वेळात रिकामी असलेली एक खोली. आणि माणसं.

दिवाळीत गावी गेले होते तेव्हा आजोबांना विचारलं होतं. त्यांचं भजन दर गुरुवारी असतं. पावसाळ्यात तर देवळात चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, "आजोबा, तुमचं भजन ऐकायला कोण येतंय हो?" तर ते टाळाची दोरी गुंडाळत म्हणाले, "ऐकाय कोण पायजे कशाला गं? म्हणायला चौघं आली की झालं की." मागच्या बाकावरच्या मित्रा, मला तेव्हा हे आठवायला हवं होतं. बैठकीत आठवलं नाही, म्हणून इथं लिहिते.

तर, बैठकीत ठराव झाला नाही तरी आम्ही सुरुवात केली आहे. सोमवार आणि गुरुवार, सव्वाचारला, मराठी विभागाच्या शेजारच्या खोलीत. सध्या पाच जणी आणि दोन मुलं आहेत. स्तोत्र एका सुरावर म्हणण्याचा प्रयत्न रोज फसतो, पण आता निदान तिसऱ्या ओळीला फसतो. अडचण एकच आहे. खालच्या पट्टीत गाणारा एकच मुलगा आहे आणि गुरुवारी त्याची एनसीसीची परेड असते. प्राचार्यांकडं बटलर आहे का, ते कुणीतरी बघून सांगा.